पाहुण्याचं मनगट

थकलो ना गा भाऊ, एटापल्लीकडच्या एका गावात पोरीयले आयकिडो शिकवता शिकवता! आयकिडोत आपण आधी हात उचलत नाई. समोरचा मनगट धरून जिकडे ओढते, तिकडेच वळून त्याले पाडायचं. पण धरायले कोणी तयारच होईना.

"धर ना वं माहं मनगट!" म्हणून म्हणून घसा बसला.

"पाहुण्याच्या अंगावर कसं जावं, सर?"

शेवटी कंटाळून बॅग उचलली, तर एका म्हाताऱ्या बाईनं मनगट असं गच्च धरलं, की वीस वर्षांची विद्या लावूनही सुटेना.

"भात शिजला. न जेवता कुठी चालले?"

तिनं चुलीकडे ओढलं. मी तिकडेच वळलो, अन् गुपचूप जेवाले बसलो.