राणी रंगाची साडी

मंडळी, ऐका. जरा सरसावून बसा आणि आधी मला सांगा, वैराग्य कशाला म्हणायचं आणि लोकांची भीती कशाला म्हणायचं? देवीला रोज नवा रंग नेसवता. हिरवा, केशरी, मोरपंखी! आणि तिच्यासमोर स्वतः उभ्या राहता राखेच्या रंगात. का हो? देवीचं वय झालं नाही वाटतं?

राजापुरात एक द्वारकाबाई होत्या. त्यांचा नेम कडक. उपासाचा नव्हे — कपड्यांचा. पन्नाशीनंतर बदामी, राखी, मोतिया. काठ बोटभर. एकादशीला एखादा बटाटेवडा पोटात जायचा, पण अंगावर लाल काठ? शिव शिव! दुसरी कुणी फुलाफुलांची साडी नेसून आली की बाई गोड आवाजात विचारायच्या, "छान आहे हो. सुनेची का?"

हसू नका. तुम्हीही विचारलंय.

दिवाळीला थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्यांना साडी आणली. राणी रंग, जरीचे काठ, पदराला आक्काच्या हातचे गोंडे. "द्वारके, ही नेसून ये एकदा." बाई हो म्हणाल्या, आणि साडी गेली नणंदेच्या आहेरात! पुढचं तुम्हाला काय सांगायचं? नणंदेनं विहिणीला दिली, विहिणीनं मामीला. साडी गावभर फिरली, घडी एकीनंही मोडली नाही. सगळ्यांचं एकच — सुंदर आहे, पण मला कशी शोभेल?

मग चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. मांडवात दोघी बहिणी शेजारी बसल्या.

"साडी नेसलीस का गं?"

"ठेवलीय जपून. चांगल्या प्रसंगाला काढीन."

"लवकर काढ. माझे डोळे चालले. फिकं काही दिसतच नाही आता. तू समोर आलीस की भिंत चालत आल्यासारखी वाटते."

तेवढ्यात वरमाय आली, हळदकुंकू लावलं, आहेर द्वारकाबाईंच्या मांडीवर ठेवला. कोणता? बघा, तुम्हाला कळलंसुद्धा! आक्का वाकली. रंग तिला दिसला होता. तिनं पदर ओढून गोंडे चाचपले.

"फिरून आली म्हणायची," ती म्हणाली. "अगं, मी ही तुझ्यासाठी नव्हती घेतली. माझ्यासाठी घेतली होती. तू दिसावीस म्हणून."

द्वारकाबाई उठल्या. आतल्या खोलीत गेल्या आणि साडी नेसून आल्या. बदामी ब्लाउजवर राणी रंग! उत्तरं तयार होती — कुणी हसलं तर हे, टोमणा आला तर ते. मांडवभर चालल्या. कोण काय म्हणालं? कुणी काही नाही. एक वाढपी तेवढा म्हणाला, "काकू, बाजूला व्हा, आमटी गरम आहे." ज्या लोकांसाठी बाईंनी राख नेसली, ते लोक जिलबीत गुंतले होते. बाईंना थोडा रागच आला.

मांडवाच्या पार त्या टोकाकडून मात्र आवाज आला, "द्वारके, पदर लोळतोय तुझा."

आता तुमचं बघू. कपाटात डांबरगोळ्यांच्या संगतीत कोण कोण कोंडलंय? पुरुषांनो, माना खाली घालू नका, तुमचा तो पोपटी सदराही मला ठाऊक आहे. उद्या घाला. लोक बघणार नाहीत, एवढी मनाची तयारी ठेवा. पण एखादं माणूस तुम्ही दिसायची वाट बघत असेल. आणि उद्या या गाभाऱ्यासमोर याल तेव्हा, देवी एवढी नटूनथटून उभी असताना, भिंत होऊन येऊ नका.