आत्या आणि लाल स्पोर्ट्स कार

हसू नका लेकहो, त्या दिवशी मी आत्यामुळंच वाचलो. माझ्या साळ्यानं पुण्याहून दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार आणलती. चाबी देताना त्यानं बजावलं बी, 'पाण्यात सांभाळजो, हिचा सारा जोर मागच्या चाकांवर हाय.' मी कायले ऐकतो! समुद्रपूरच्या आत्याले साखरपुड्यासाठी वर्ध्याले न्यायचं होतं, तिले शेजारी बसवलं अन् निघालो. आत्या साठीची, पण चिखलाच्या वावरात ट्रॅक्टर अजून तीच चालवते.

रोड ओला होता. वळणावर मी जोरात रेस दिली, अन् गाडीचं मागचं अंग सरकन उजवीकडे निघालं. उजवीकडे पाण्यानं भरलेला नाला! मी ब्रेक दाबणार, तेवढ्यात आत्या ओरडली, "ब्रेक नको मारू! रेस सोड! मागची बाजू जिकडे घसरून राह्यली, तिकडेच स्टेअरिंग फिरव!"

"नाल्याकडे फिरवू?"

"फिरव म्हणलं ना!"

फिरवलं. गाडी दोनदा डोलली अन् सरळ झाली. बाजूले घेऊन थांबवली, तर आत्याले हसू आवरेना. तिले पाहून मी बी सुटलो. दोघंही पोट धरून हसलो.

मी विचारलं, "आत्या, तू भ्याली नाई?"

"भ्याली ना! पण तू आधीच डोळे मिटून घेतलते. दोघांनी मिटले असते, तं रोडाकडे कोणं पाह्यलं असतं?"