कप्तानाचा कोट

(बोरी. दुपारची वेळ. गौराबाई आणि कॉलेजात शिकणारा तिचा नातू शिवप्रकाश.)

गौराबाई : काढ आधी! माझ्या बापाचा कोट हाय त्यो. मायनं मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला न्हाई.

शिवप्रकाश : आजी, उद्या जिंतूरला नाटकाची स्पर्धा हाय. असा जुना काळा कोट कुठंच मिळंना. मी जर्मनीचा कप्तान व्हायलोय, पाणबुडीवरचा...

गौराबाई : म्हाईत हाय मला पाणबुडी. तसल्यानंच माझ्या बापाची बोट फोडली. अन् तू त्याचाच कोट घालून तसला कप्तान व्हायलास? वर बिल्ले टोचलेस?

शिवप्रकाश : अगं, तसले कप्तान लय होते दुसऱ्या महायुद्धात. यानंच बुडवली असं कुठंय? अन् नाटक त्याच्या कैदेचं हाय. शेवटी त्याचीच पाणबुडी फुटती, सोबती मरतात. इंग्रज त्याला समुद्रातून वर काढतात अन् कैदेत टाकतात. तारेच्या कुंपणाआड घरच्यांची आठवण काढून रडतो बिचारा. तालमीत सगळ्यांचे डोळे भरले.

गौराबाई : दुश्मनानं वर काढलं त्याला?

शिवप्रकाश : हो. दोर टाकून.

गौराबाई : अन् यानं किती जणांना काढलं?

शिवप्रकाश : वरून हुकूम होता. कुणाला उचलायचं न्हाई.

गौराबाई : आग लागो त्या हुकमाला! माझ्या बापाच्या हातात बंदूक व्हती का रे? मुंबईला जाऊन बोटीवर कोळसा ओढायचा त्यो. भट्टीपाशी कोट कशाला लागतो म्हणून घरी ठेवून गेला. मी मायच्या पोटात. आपल्या लिंगायतांत माणूस गेलं की हातात इष्टलिंग देऊन मातीत बसवतात. त्याला वीतभर माती मिळाली न्हाई. तुझा कप्तान सुटून घरी गेला ना?

शिवप्रकाश : गेला. लय म्हातारा होऊन मेला.

गौराबाई : मग त्याच्यासाठी रडायला लोक कशाला गोळा करायलास?

शिवप्रकाश : बरं, चुकलं माझं. काढतो कोट. चिडू नको.

गौराबाई : चिडू नको म्हणे! बिल्ले उपट आधी. सगळे. अन् फेक तिकडं. थांब... कोट ऱ्हाऊ दे अंगात.

शिवप्रकाश : आता काय झालं?

गौराबाई : बटणं लाव. जन्मभर ह्यो घडी घातलेलाच बघितलाय मी. जरा सरळ उभा ऱ्हा.

शिवप्रकाश : असा?

गौराबाई : हां. बाह्या तोकड्या पडायल्यात तुला. म्हंजी ठेंगणा व्हता माझा बाप. न्हाई का रे?