पाहुण्यांपुरता गॅस

आगरदांड्याला दिघीच्या बोटीसाठी रांग लागली होती. उन्हामुळे रश्मीने तोंडाला ओढणी गुंडाळलेली, त्यामुळे सकाळी जिच्या घरी सर्व्हे केला ती इंदूबाई मागेच उभी असूनही तिने रश्मीला ओळखलं नाही. इंदूबाई सोबतच्या शहनाजशी बोलत होती.

"सर्व्हेवाली पोर आलेली. घरात गॅस हाय का, इचारीत होती."

"मग काय सांगितलंस?"

"हाय म्हटलं."

"गो इंदू, तुझी शेगडी पेटते ती पाहुणा आला तरच."

"रोज परवडतो का गॅस? पण परक्या माणसाला न्हाय कशी म्हणू?"

"म्हणजे सरकारच्या हिशेबी तुझ्या घरात धूर न्हाय. मग खोकतेस कशानं?"

इंदूबाई रांगेतून बाहेर निघाली.

"त्या पोरीला गाठलं पायजे."

"आणि बोट?"

"जाऊ दे बोट."

रश्मीने ओढणी सोडली.

"मावशी, मीच ती. माझंच विचारायचं चुकलं. आज भाकऱ्या कशावर भाजल्या?"

"चुलीवर."

"बरं. तुमचं उत्तर बदलते."

"माझं एकटीचं बदलून काय व्हनार? चल माघारी. आमच्या आख्ख्या आळीनं हायच सांगितलंय."