काका जेवायला यायच्या आत

हॅलो?… हां चेलना, बोल. पिंप्राळ्याचं दुरुस्ती केंद्र चालू आहे… अगं, गंमत केली. रडतेस काय?… चालूच होत नाही? म्हणजे अजिबात नाही, की होतो आणि बंद पडतो?

दहा सेकंदांत बंद. बरं… हो, हो… अगं ऐक ना! सुभाषकाका जेवायला कधी येतात?… साडेपाचला? मग पाऊण तास आहे. दिवस मावळायच्या आत ते जेवतील, त्याच्याही आत आपण कॉम्प्युटर चालू करू.

माहितेय गं, पैज माहितेय. सगळ्या घरासमोर काकांशी, स्वतःच्या पप्पांशी लावलीस ना! स्वतः जोडलेला कॉम्प्युटर चालला तर पुण्याला इंजिनिअरिंग, नाही चालला तर धुळ्यातच बी.कॉम.… आणि संध्याकाळी काकांच्या दुकानात बसायचं, हो… काका रेडीमेड घे म्हणत होते, तेव्हा कोण म्हणालं, "जिनलदीदीने जोडला, मी पण जोडणार"?… म्हणजे चूक माझीच. छान!

मागचं बटण बघितलंस?… अगं, वायर लागते तिथलं… चालू आहे. स्क्रीनची वायर?… घट्ट? माझ्या वेळी तीच सैल होती, दोन दिवस मी सगळ्या पार्टना शिव्या… ते जाऊ दे, कोणाला सांगू नकोस.

काय अक्का?… काही नई, बठ्ठं ठीक शे!… शेजारच्या अक्का गं, माझं ओरडणं ऐकून आल्या; सगळं ठीक आहे म्हटलं.

आता प्लग काढ. काढलास? नक्की?… बाजूचं झाकण उघड. काय दिसतं?… फडकं? कसलं फडकं?… पाणी गाळायचं? पंख्याला बांधलंय? दोऱ्याने?

थांब… थांब, मला आधी हसू दे… अगं, पंखाच फिरला नाही तर प्रोसेसर तापणार, आणि तापला की कॉम्प्युटर बंद. काल उघडाच ठेवला होतास ना? आणि सकाळी न बघता झाकण लावलंस. वा, इंजिनिअरबाई!

कोणी बांधलं?… दादीसांनी. चिलटं पंख्यात सापडून मरतील म्हणून… आणि पाप तुला लागेल म्हणून. किती गं काळजी!… मग सोड ना गाठ!… हात लावू देत नाहीत? समोरच माळ घेऊन बसल्यात?… दे, फोन त्यांना दे.

जय जिनेंद्र दादीसा! जिनल बोलतेय… हो, जेवले… लग्नाचं नंतर बोलू ना… दादीसा, ते फडकं… बरोबर आहे, जीव मरायला नकोच. पण चिलट पंख्यापर्यंत जाऊच कशाला द्यायचं? पेटीला बाहेरून जाळी आहे ना, तिच्यावर लावा फडकं. दारातच अडवायचं… हो, एकपदरीच, हवा जायला हवी… हो, रोज हळूच झटकायचं… दादीसा, हे दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. खरंच!

चेलना? सोडलं?… दोऱ्याचा तुकडासुद्धा राहायला नको, नीट बघ… लाव प्लग. दाब बटण. मोज… आठ… नऊ… दहा… अकरा… बोल ना गं!… आली? स्क्रीन आली?… अगं ओरडू नकोस, कान फुटला माझा!… गप, मलाही रडू येतंय.

काकांची स्कूटर?… फोन चालू ठेव. मला ऐकायचंय.

काय म्हणाले?… मान्य? पुणं मान्य?… अगं मग तुझा आवाज का पडला?… कोण येणार?… दादीसा? तुझ्याबरोबर पुण्याला?… रोज फडकं झटकणार कोण, म्हणून?… आणि काका हो म्हणाले? लगेच?

नाही, नाही चेलना, हे झाकण उघडून दुरुस्त होणारं नाही… हॅलो?… हां दादीसा… खोली?… पुण्यात?… मी शोधायची, इथे बसून?… तळमजल्यावरची, देरासरजवळ, रोज मंदिरात चालत जाता येईल अशी… हो दादीसा… हो, शोधते… हो… ठेवते.