शेजारची सीट

अलेक्झांड्रियात गाडीचा परवाना नवा करायच्या रांगेत उभ्या असलेल्या नगवा नावाच्या बाईच्या पुढे दोन म्हातारे टॅक्सीवाले वाद घालत होते.

"सात माणसं भरली तरी माझी पेजो गाडी कैरोपर्यंत दम घेत नाही, फहीम. तुझ्या फियाटात चार बसले की झालं!"

"वळणावर मात्र तुझी पेजो म्हणजे म्हैस, सबरी."

"शेवटी तूही पेजोच घेतलीस ना?"

"घेतली. पोट भरलं. पण शेजारी कायम परका माणूस. फियाटात माझी बायको सुआद बसायची. संत्रं सोलून फोड थेट तोंडात भरवायची."

"आता ती नाही. फियाट अंगणात झाकून ठेवलीस. मग परवाना कशाला?"

"परवाना संपला की मुलं गाडी भंगारात देतील. माझ्या वेगाला घाबरून, समोर हात टेकायला तिनं सीट पुढे ओढली होती. ती सीट अजून तिथंच आहे रे."