बूट काढ आधी!

अहो, पण बोलायचंच कशाला मी म्हणतो! तिकीट काढून आलोय ना, मग गुपचूप बघा की! पण नाही... आमचे बाबा पडद्याशी बोलतात, तुम्हाला सांगतो! भर थिएटरात! लाज हो, लाज!

दोष सगळा आमच्या हिचा. "यादवीनंतर घरी परतलेल्या शिपायाचा सिनेमा आहे, बाबा स्वतः लढलेत त्या यादवीत, न्या की त्यांना!" नेलं! आणि पुढच्या रांगेत कोण असावं? आमचे साहेब! सहकुटुंब! माझी बढती ज्यांच्या हातात, तेच साहेब!

पडद्यावर शिपाई घरी आला, बायकोनं वाढलं, तो आपला शांतपणे जेवतोय... झालं! बाबा खणखणीत आवाजात, "छे! लढाईवरून आलेला माणूस असा जेवतो होय? ताटाला हाताचं कुंपण घालतो तो!" मी म्हटलं, "बाबा, सिनेमा आहे हा!" तर म्हणे, "म्हणून काय दाराकडे पाठ करून बसायचं?" साहेबांच्या मिसेसची मान वळली. मी खुर्चीत इतका खाली घसरलो, इतका घसरलो, की माझे गुडघे साहेबांच्या पाठीला टेकले! लाज हो, लाज!

मग त्या शिपायाचा चिमुरडा. बापाला बघून जो खाटेखाली शिरला, तो किंचाळतोय, "हा माझा बाबा नाही!" बाप त्याला पायाला धरून ओढायला लागला... आणि आमचे बाबा उभे! पडदा अडवून उभे, तुम्हाला सांगतो! "ओढू नको रे त्याला! बूट काढ आधी! खाली बस, तिकडे बघूच नको... येईल तो आपणहून!" मागून शिट्ट्या, "ओ आजोबा, बसा खाली!", डोअरकीपर बॅटरी मारत धावला, "कुणाबरोबर आलेत हे?" आणि साहेब वळले. थेट माझ्याकडे! "तुमच्याबरोबर आहेत का हो?"

आणि मी... काय सांगू तुम्हाला... मी म्हणालो, "छे छे, मी नाही ओळखत यांना."

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. लोकांच्या पायांतून वाट काढत, "माफ करा हं, माफ करा" म्हणत डोअरकीपरमागे निघून गेले. आणि मी बसून राहिलो... बसून राहिलो हो! पुढं पडद्यावर काय झालं विचाराल तर शपथ! लाज वाटत होती, पण आता बाबांची नव्हे.

मध्यंतर झाल्याबरोबर बाहेर पळालो. बाबा बाकावर, डोअरकीपर त्यांना पाणी देतोय. "आजोबा, खरंच एकटे आलात?"

"छे रे! मुलगा आहे ना आत. ओळखेल, ओळखेल. लढाईवरून आलो तेव्हाही आठ दिवस लागले होते त्याला."

मी खांबाआडच थांबलो. तेव्हा चार वर्षांचा होतो हो मी... चार वर्षांच्या पोराला आठ दिवस, तर पन्नाशी उलटलेल्या या घोड्याला किती लागायचे, तुम्हीच सांगा!